बेत करणाऱ्याची शिक्षा



घाटाखालच्या गावात चोरी-दरोड्याचा विषय काढला तर तो कुणाला नवा वाटणार नाही. देवगडकडून येणारा रस्ता तुमच्या पेठेतून दाजीपूरकडे चढतो आणि पुढे निपाणीला जाऊन मिळतो. घाटातल्या लुटीला नेहमी दोन जागा लागतात. एक वरची, वळणावरच्या झाडीतली. तिथे हात चालतो. दुसरी खालची, पेठेतली. तिथून बातमी निघते. कोणता गाडीवान आज एकटाच निघाला, कुणाच्या गाठी रोकड आहे, बरोबरचा राखणदार म्हातारा आहे की तरणा, हे सांगणारा माणूस झाडीत कधीच नसतो. तो दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर बसून चार लोकांबरोबर हळहळत असतो. आज आम्हाला या खालच्या माणसाविषयी बोलायचे आहे. त्याने घाव घातलेला नाही, पण त्याच्यावाचून घाव पडलाही नसता. अशा माणसाला शिक्षा किती द्यावी?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. न्यायाधीशाने घालून दिलेल्या या परिपाठात न्यायाची एखादी गोष्ट बोलली गेली तर ती गैर ठरू नये. मात्र आम्ही वकील नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. कायदा जो काही शिकलो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या फाटक्या पुस्तकांतून. तेव्हा आधी आमचीच एक हकीकत सांगतो. या प्रश्नाच्या मागे आम्ही लागलो ते तिच्यामुळे.

मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात आमची युनियन होती. पगार तेव्हा रोख वाटला जाई आणि पगाराच्या आदल्या रात्री रोकड कचेरीतल्या तिजोरीत राही. अशाच एका रात्री मागचे फाटक फोडून माणसे आत शिरली. फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराच्या डोक्यात पहार बसली. तो वाचला, पण पुन्हा कामावर उभा राहू शकला नाही. पंधरा दिवसांनी पोलिसांनी जे लोक धरले त्यांत कारखान्यातलाच एक तरुण रखवालदार निघाला. दोघेही आमचेच सभासद. म्हातारा साताऱ्याकडचा, तरुण आपल्या या कोकणातला. कोठडीत भेटायला गेलो तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "भाई, मिया फकस्त सांगितलंय. हात लावूक नाय."

हे वाक्य त्याच्या दृष्टीने खरेच होते. हात त्याने लावला नव्हता. त्या रात्री तो कामावरही नव्हता. मग त्याला वकील युनियनने द्यावा की नाही? यावर आमच्या सभेत दोन तट पडले. त्या सभेचे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या प्रश्नाचा इतिहास पाहू.

आपल्याकडचा दंडाचा कायदा, ज्याला लोक अजूनही पीनल कोड म्हणतात, त्याचा पहिला मसुदा मेकॉले आणि त्याचे सहकारी यांनी १८३७ मध्ये पुरा केला. तो कायदा झाला १८६० मध्ये आणि अमलात आला १ जानेवारी १८६२ पासून. त्याआधी मुंबई इलाख्यात १८२७ चे रेग्युलेशन चाले. या १८६० च्या कायद्याची एक रीत आम्हा शाळा न शिकलेल्यांना फार उपयोगी पडली: जिथे नियम अवघड, तिथे खाली उदाहरण दिलेले. कलम १११ खालच्या एका उदाहरणात आपला आजचा प्रश्न जसाच्या तसा बसलेला आहे. एकजण दुसऱ्या दोघांना मध्यरात्री एका नांदत्या घरात लुटीसाठी घुसायला लावतो आणि त्यासाठी हत्यारे पुरवतो. घरातला माणूस प्रतिकार करतो आणि ते दोघे त्याला ठार मारतात. पाठवणारा तिथे नाही. त्याने "मारा" असेही म्हटलेले नाही. तरीही, खून हा त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल, तर पाठवणारा खुनाच्याच शिक्षेला पात्र होतो.

यातला "संभाव्य" हा शब्द पकडून ठेवावा. त्याच कलमाखाली त्याच्या अगोदर आणखी एक उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याला घर पेटवायला सांगितले. त्याने घर पेटवले आणि जाता जाता आतला माल चोरला. इथे सांगणारा जाळपोळीचा धनी, चोरीचा नव्हे; कारण आग लावण्यातून चोरी आपोआप निघत नाही. म्हणजे कायद्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की, मागे बसलेल्या माणसाचा हिशेब हाताने काय केले एवढ्यावर होणार नाही. डोक्याने काय ओळखायला हवे होते यावर होईल. हत्यार देऊन रात्री घरात पाठवणाऱ्याला "मला वाटले नव्हते" असे म्हणता येत नाही.

दरोड्याच्या बाबतीत कायदा याहून कडक झाला. त्याला कारणही तसेच होते. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने १८३६ मध्येच कायदा करून ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला होता. प्रत्यक्ष फास कुणी आवळला हे सिद्ध करणे अशक्य होऊन बसले, म्हणून टोळीलाच धरले. पीनल कोडाने तीच दिशा ठेवली. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. त्या पाचांतल्या एकाने खून केला तर त्या कोडाखाली पाचांपैकी प्रत्येकाला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे. दरोड्याची नुसती तयारी केली तरी दहा वर्षांपर्यंत. त्यासाठी नुसते जमले तरी सात वर्षांपर्यंत. रात्रीच्या घरफोडीत एकाच्या हातून मृत्यू किंवा जबर दुखापत झाली तर त्या घरफोडीत सामील प्रत्येकाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०२३ ची भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिने कलमांचे आकडे बदलले, पण हा सांगाडा बहुतांशी तसाच ठेवला आहे.

आता न्यायालयांकडे वळू. ३ ऑगस्ट १९२३ रोजी कलकत्त्याच्या शांखारीटोला टपाल कचेरीत सब-पोस्टमास्तर मागच्या खोलीत पैसे मोजीत बसले होते. अंगणाकडच्या दारात काही माणसे आली, त्यांनी पैसे मागितले आणि लगेच गोळ्या झाडल्या. सब-पोस्टमास्तर जागीच गेले. पळणाऱ्यांपैकी बारेन्द्रकुमार घोष हा पिस्तुलासह पकडला गेला. त्याचे म्हणणे असे की, आपण बाहेर अंगणात उभे होतो, गोळी आपली नव्हे. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२४ मध्ये तिथे निकाल झाला तो असा की, सगळ्यांचा इरादा एक असेल तर अंगणात उभा राहणाराही त्याच कृत्याचा भागीदार. पहारा देणे हेही काम आहे, आणि सगळ्यांच्या कामांचा मिळून एक गुन्हा होतो.

पण जो अंगणातही नाही, दहा कोसांवर घरी निजलेला आहे, त्याचे काय? स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न आपल्या पुण्याजवळूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. देहू रोडच्या सरकारी भांडारातून १९४८ मध्ये माल बाहेर गेला, त्याचा हा खटला. तिथे मारामारी नव्हती, अपहार होता. पण न्यायमूर्ती विवियन बोस यांनी जो नियम सांगितला तो सगळ्याच गुन्ह्यांना लागणारा होता. समान इराद्याचे कलम ३४ लावायचे तर आरोपी त्या कृत्याच्या जागी हजर हवा. खोलीतच हवा असे नाही. फाटकावर राखण करीत असेल, जवळच्या रस्त्यावर गाडी घेऊन थांबला असेल तरी चालेल. पण केवळ आधी बेत केला आणि दूर राहिला, त्याला या कलमाने धरू नये. त्याच्यासाठी चिथावणीची आणि कटाची वेगळी कलमे आहेत, ती लावा आणि सिद्ध करा. पुढे १९६० मध्ये मुंबईच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने हा नियम थोडा सैल केला: प्रत्येक गुन्ह्यात शरीराने हजर असणे आवश्यक नाही.

ही वकिली बारीकी म्हणून सोडून देऊ नका. बोस यांनी ओढलेल्या रेषेत एक मोठे तत्त्व आहे. ज्याने जे केले, त्याच नावाने त्याला दोषी ठरवा. बेत करणाऱ्याला बेत केल्याबद्दल धरा. त्याला ओढूनताणून जागेवर उभे करू नका. अशी ओढाताण झाली की काय होते, हे विलायतेत दिसले. २ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनजवळ क्रॉयडन येथे एका गुदामाच्या छपरावर दोन पोरे चोरीसाठी चढली. सोळा वर्षांच्या क्रेगने एका पोलिसाला गोळी घालून ठार केले. बरोबरचा एकोणीस वर्षांचा डेरेक बेंटली बुद्धीने मंद होता आणि गोळी सुटण्याआधीच पोलिसांच्या ताब्यात आला होता. त्याच्या तोंडी पोलिसांनी एक दुहेरी अर्थाचे वाक्य सांगितले. ते वाक्य उच्चारलेच गेले नाही, असे दोन्ही पोरांचे म्हणणे. पंचांनी दया करावी अशी शिफारस केली. तरी मारणारा क्रेग अल्पवयीन म्हणून वाचला आणि २८ जानेवारी १९५३ रोजी बेंटली फासावर गेला. १९९८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. पंचेचाळीस वर्षे त्याच्या घरच्यांनी झगडा दिला, पण फास उलटा फिरत नाही.

आता आपल्या मराठी मुलखातले सर्वांत भयंकर उदाहरण घेऊ. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत पुणे शहरात दहा माणसांचे खून झाले. पुण्याच्या माणसाला ते जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने आठवतात. संध्याकाळ झाली की दारे लागत, अनोळखी माणसाने कडी वाजवली तर आतून कुणी उत्तर देत नसे. मारले गेलेल्यांत संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. भांडारकर रस्त्यावरच्या त्यांच्या घरात एका रात्रीत पाच जीव गेले. करणारे चार तरुण, सगळे एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. काहीतरी निमित्त काढून घरात शिरायचे, चाकू दाखवून माणसांना बांधायचे, ऐवज घ्यायचा आणि साक्षीला कुणी उरू द्यायचे नाही, ही त्यांची रीत.

आमच्या विषयाचा भाग यापुढे आहे. बंद दाराआड काय झाले हे सांगायला जिवंत कुणी उरले नव्हते. तेव्हा पहिल्या खुनात सामील असलेल्या त्यांच्याच एका सोबत्याला सरकारने माफीचा साक्षीदार केले. सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हस्तक्षेप नाकारला, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. पाचवा, ज्याचे हात पहिल्या गुन्ह्यात होते, तो घरी गेला.

पुष्कळांना ही गोष्ट खुपते. आम्हालाही खुपली. पण विचार केला म्हणजे दिसते की बेत करणाऱ्याचा गुन्हा अंधारात, दोन-चार माणसांच्या कुजबुजीत घडतो. तिथे तिऱ्हाईत साक्षीदार कुठून येणार? कुजबुजणाऱ्यांपैकीच एकाला बोलते करावे लागते आणि त्याच्या बोलण्याची किंमत माफीच्या रूपाने मोजावी लागते. मात्र आपला जीव वाचवण्यासाठी असा माणूस दुसऱ्याच्या गळ्यात वाटेल ते घालील, हेही खरे. म्हणून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने आणि त्यावर उभ्या राहिलेल्या प्रघाताने सांगितले आहे की, सहअपराध्याच्या साक्षीला महत्त्वाच्या बाबींत दुसरीकडून दुजोरा मिळाल्यावाचून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दोष ठरल्यावर शिक्षेचे माप किती? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोन मोठ्या सुधारणा केल्या. दोषी ठरलेल्याला शिक्षेविषयी वेगळे बोलू द्यायचे, आणि फाशी द्यायची तर विशेष कारणे लिहायची. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी ही विरळातल्या विरळ प्रसंगी असे बांधून टाकले. पण माप चुकते तेव्हा किती चुकते, याचा दाखला त्याच सुमारास मिळाला. उत्तर प्रदेशातील एका कुटुंबाच्या हत्येत तिघांना सारखीच फाशी झाली होती. कश्मीरासिंगची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कमी केली. जीतासिंगचा अर्ज फेटाळला गेला आणि ६ ऑक्टोबर १९८१ रोजी त्याला फाशी झाली. तिसरा हरबन्ससिंग वेळेवर न्यायालयात पोहोचला म्हणून थांबला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासमोर १९८२ मध्ये हे उघड झाले. एकच गुन्हा, सारखाच वाटा. एक जगला, एक मेला, एक मधेच लोंबकळत राहिला.

इथे कुणी विचारील, युनियनच्या माणसाला चोरांच्या शिक्षेचा एवढा घोर कशाला? त्याचे उत्तर आमच्या चळवळीच्या इतिहासात आहे. कटाचे शस्त्र घरफोड्यांपुरते राहत नाही. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर, २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे ही मुंबईच्या कामगारांची माणसे त्यात होती. कुणी कुणाच्या घरात शिरले नव्हते, कुणावर वार केला नव्हता. पत्रे, भाषणे, सभांची टिपणे हाच पुरावा. जानेवारी १९३३ मध्ये डांगे यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर आणली. त्याआधी अमेरिकेत शिकागोला १८८६ मध्ये कामगारांच्या सभेत बाँब पडला. तो कुणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी चिथावणी दिली या नावाखाली ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी दिले गेले. १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना मुक्त करताना तो खटलाच अन्यायाचा होता असे लिहिले.

तेव्हा आम्हाला दोन गोष्टी एकदम हव्या आहेत. पेठेत बसून बातमी देणारा सुटू नये. आणि सभेत बोलणारा, कुणीतरी कुठेतरी दगड मारला म्हणून अडकू नये. या दोघांना वेगळे करणारे प्रश्न तीनच आहेत. त्याला नेमके काय ठाऊक होते? त्यातून काय होईल हे त्याला दिसायला हवे होते का? आणि ते थांबवणे त्याच्या हाती होते का? या तिन्हींची उत्तरे दुजोऱ्यासह मिळाली तर बेत करणाऱ्याला हात चालवणाऱ्याच्या बरोबरीनेही शिक्षा द्यावी. कधी त्याहून जास्तही, कारण तापलेल्या हातापेक्षा थंड डोक्याला विचार करायला वेळ अधिक मिळालेला असतो. उत्तरे अपुरी असतील तर शिक्षाही तेवढीच अपुरी असावी.

आता आमच्या कारखान्याची गोष्ट पुरी करतो. टोळीतलाच एकजण माफीचा साक्षीदार झाला होता. त्याने सांगितले की, तरुणाने पगाराची रात्र सांगितली, मागच्या फाटकाची कडी सांगितली, आणि म्हातारा दोन वाजता स्टोव्हवर चहा करायला पाठमोरा बसतो हेही सांगितले. दुजोरा मिळाला तो आमच्याच ओळखीच्या कागदातून: त्या रात्रीची पाळी बदलून मागणारा अर्ज, त्याच्या सहीचा. पहारीची गोष्ट मात्र त्याला ठाऊक असल्याचे सिद्ध झाले नाही. न्यायालयाने मारणाऱ्या दोघांना दहा वर्षे दिली, याला पाच.

सभेत आम्ही त्याच्या बाजूने बोलणार होतो. गरीब पोर आहे, कर्जात आहे, फितवला गेला, असे सगळे मनात मांडून ठेवले होते. तेवढ्यात म्हातारा काठी टेकत आला. कुणी त्याला बोलावले नव्हते. डोक्याला अजून पट्टी होती. तो मागच्या बाकावर बसला, सगळे ऐकले आणि उठून म्हणाला, "वकील द्या त्याला. बिनवकिलाचा कोणी उभा राहू नये. पण माझ्या वर्गणीतला पैसा नको. मी चहा कधी करतो ते त्याला ठाऊक होतं, कारण रोज अर्धा कप त्याला मीच देत होतो."

सभेने तसाच ठराव केला. युनियनच्या फंडातून म्हाताऱ्याच्या घराला मदत गेली; पोरासाठी आम्ही काहीजणांनी खिशातून वर्गणी काढली आणि वकील दिला. तुरुंगात आम्ही त्याला दोनदा भेटलो. पहिल्या खेपेला तो पुन्हा तेच म्हणाला, "फकस्त सांगितलंय." दुसऱ्या खेपेला त्याने ते वाक्य उच्चारले नाही. म्हातारा कसा आहे, एवढेच विचारले. पाच वर्षे कमी होती की जास्त, हे आम्हाला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ती त्याच्या स्वतःच्या वाट्याची होती, दुसऱ्याच्या पहारीची नव्हती, एवढे आम्ही त्याच्या आईला या कोकणात तिच्या घरी जाऊन सांगू शकलो.